धारेवरची वाट



पालघर जिल्ह्याच्या अगदीं उत्तर टोंकाला, तलासरी तालुक्यांत, समुद्राच्या कांठीं झाई नांवाचें गांव आहे. दक्षिणेस बोर्डी, उत्तरेस गुजरातची हद्द. १९६० सालीं दोन राज्यें वेगळीं झालीं तेव्हां जुन्या उंबरगांव तालुक्याचे वांटे झाले आणि हद्दीची रेघ झाईच्या शेजारून गेली. पुढें २०१४ मध्यें ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा निघाला. गांव मच्छीमारांचें आहे, आणि पाहुणे येथें येतात ते समुद्र पाहावयास येतात. परंतु आज मला आपलें लक्ष दुसऱ्या बाजूस वळवावयाचें आहे. समुद्राकडे पाठ करून पूर्वेस पाहिलें म्हणजे वाड्यांच्या झाडीपलीकडे बारडाचा डोंगर दिसतो. उंची दीड हजार फुटांच्या आंतबाहेर. सह्याद्रीच्या मानानें हा डोंगर धाकट्या भावंडांतलाही धाकटा. तथापि संजाणचा पाडाव झाल्यावर पारशी लोकांनीं आपला पवित्र अग्नि, इराणशाह, ह्याच डोंगरांतील बाहरोटच्या लेण्यांत नेऊन ठेवला आणि तेथें तो बारा वर्षें राहिला, असें १६०० च्या सुमारास रचलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’ ह्या फारशी काव्यांत सांगितलें आहे. तेथून तो वांसदा, नवसारी असा फिरत फिरत अखेर १७४२ सालीं उदवाड्यास स्थिरावला. (जातां जातां एक गंमत सांगतों. ह्याच संजाणचें जुन्या इंग्रज दर्यावर्द्यांनीं आपल्या नकाशांवर ‘सेंट जॉन’ करून टाकलें होतें. ज्या गांवीं कोणा ख्रिस्ती संताचा संबंध नाहीं त्याला केवळ कानाच्या चुकीनें संतपद मिळालें!)

अग्नि लपविण्यासाठीं त्या लोकांनीं मुलखांतला सर्वांत उंच डोंगर शोधला नाहीं. पाठलाग करणाऱ्याला जेथें एकेकट्यानें, हातापायांनीं चढत वर यावें लागेल असा डोंगर त्यांनीं शोधला असावा, असें मला वाटतें. उंची आणि अवघडपणा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कळसूबाई हें महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर. तेथें लोखंडी शिड्या धरून आजीबाईही देवीच्या दर्शनाला जातात. उलट कित्येक ठेंगण्या डोंगरांवर शेवटचीं शंभर पावलें अशीं असतात कीं, तेथें पट्टीच्या चालणाऱ्याचे पाय जागच्या जागीं थिजतात. अशा शंभर पावलांविषयीं, म्हणजे एका लहानशा पण दोन्ही अंगांनीं उघड्या पडलेल्या धारेवरून चढण्याविषयीं, मी आज बोलणार आहें. ज्या घरांतलीं मुलें आणि मुली आज शनिवारीं रात्रीं पाठीला पिशवी बांधून निघतात, त्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं हें भाषण विशेष लक्ष देऊन ऐकावें अशी माझी इच्छा आहे.

डोंगराच्या दोन उतारांची जेथें गांठ पडते त्या रेषेस आपण धार म्हणतों. धार रुंद असली तर तिच्यावरून बैलगाडी जाईल. ती निमुळती होत गेली म्हणजे मनुष्यानें तिच्यावर घोड्यावर बसल्याप्रमाणें दोहों बाजूंस पाय सोडून बसावें, इतकी अरुंद होते. आपल्या मुलखांत अशा धारा कशा झाल्या हें समजून घेण्यासारखें आहे. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले आणि त्यांचा हा आपला काळा कातळ झाला. हे थर आडवे असल्यामुळें आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. परंतु कांहीं ठिकाणीं हा रस उभ्या भेगांत शिरला आणि तेथेंच थिजला. पुढें आजूबाजूचा मऊ खडक पावसानें झिजून गेला आणि भेगेंतला कठीण खडक भिंतीसारखा उभा राहिला. भूगर्भशास्त्रज्ञ अशा भिंतीला डाईक म्हणतात. कोंकणपट्टींत दक्षिणोत्तर गेलेल्या अशा भिंती पुष्कळ आहेत. कल्याणहून माळशेज घाटाकडे जातांना मोरोशी गांवाच्या मागें भैरवगड दिसतो, तो अशाच एका भिंतीवरचा किल्ला. जुन्या लोकांनीं त्या भिंतीच्या अंगांत पायऱ्या खोदल्या आहेत. त्या कोठें अखंड आहेत, कोठें तुटल्या आहेत, आणि चढणाऱ्याच्या एका बाजूस कातळ तर दुसऱ्या बाजूस केवळ आकाश असतें. नाशिक जिल्ह्यांतील धोडप किल्ल्याची भिंत आणि तिच्या टोंकाशीं पडलेली प्रचंड खांच तर कित्येक कोसांवरून ओळखूं येते.

ह्या वाटा निसर्गानें जितक्या अवघड केल्या तितक्याच माणसानेंही केल्या, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं डोंगरी किल्ले एकामागून एक घेतले, आणि पुन्हा कोणी त्यांचा आश्रय करूं नये म्हणून वर जाण्याच्या पायऱ्या सुरुंग लावून उडविल्या. अलंग आणि मदन ह्या किल्ल्यांवर आज दोराशिवाय जातां येत नाहीं तें ह्यामुळें. एके काळीं ज्या वाटेनें शिबंदी डोक्यावर धान्याचीं पोतीं घेऊन जात असे, तीच वाट आज धाडसाची कसोटी म्हणून गाजते. त्र्यंबकच्या रांगेंतील हरिहर किल्ल्याच्या सरळ उभ्या पायऱ्या तेवढ्या वांचल्या. तो किल्ला घेणारा कॅप्टन ब्रिग्ज त्या पायऱ्या पाहून इतका थक्क झाला कीं, त्या उडविण्याचें त्याच्या मनांत आलें नाहीं, असें सांगतात. त्या पायऱ्यांच्या कडेला हाताच्या पकडीसाठीं खोबण्या आहेत. ज्या कोणा पाथरवटानें त्या खोदल्या त्याला चढणाऱ्याच्या बोटांची काळजी होती. इकडे आमच्या बाजूस, मुंबई-अहमदाबाद रस्त्यालगतच्या अशेरी गडावर, जो जवळ जवळ पावणेदोनशें वर्षें पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता, वरच्या टप्प्यावरील कातळ चढण्यासाठीं शिडीचा आधार करावा लागला आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. अशा धारेवर मनुष्याला नेमकें काय होतें? पायांना तेथें विशेष कांहीं करावयाचें नसतें. पाऊल ठेवण्यास जागा असते, हाताला खांच सांपडते; तेंच चार हात उंचीच्या गडग्यावर असतें तर शाळेंतल्या मुलांनीं खेळत खेळत पार केलें असतें. तरीही घशाला कोरड पडते, गुडघे लटपटतात, आणि जो हात एरवीं घट्ट पकडतो तो घामानें ओला होतो. आपल्या गिर्यारोहकांनीं ह्या अवस्थेला मराठींत फार समर्पक शब्द रूढ केला आहे: दृष्टिभय. वाट अवघड आहे असें म्हणणें वेगळें आणि वाटेला दृष्टिभय आहे असें म्हणणें वेगळें. पहिली गोष्ट हातापायांची, दुसरी डोळ्यांची.

सतराव्या शतकांतील फ्रेंच तत्त्वज्ञ पास्काल ह्यानें ह्यासाठीं फळीचा दाखला दिला आहे. जरुरीपेक्षां रुंद अशी फळी खोल दरीवर टाकली आणि जगांतल्या थोरांतल्या थोर तत्त्ववेत्त्याला तिच्यावर उभें केलें, तर बुद्धि ‘तूं सुरक्षित आहेस’ असें बजावीत असतांही त्याची कल्पनाशक्ति त्याला जिंकील. आपल्या वाड्याच्या चौकांत तीच फळी जमिनीवर ठेवली तर घरांतली लहान पोर तिच्यावरून नाचत जाईल. हें भय शिकविलेलें नसतें. १९६० सालीं अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक ह्यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं एका मेजावर जाड कांच बसविली. अर्ध्या भागांत कांचेच्या लगेच खालीं चौकटींचें कापड, अर्ध्या भागांत तेंच कापड खूप खालीं जमिनीवर. मधल्या फळीवर रांगतीं मुलें ठेवलीं आणि आईनें आळीपाळीनें दोन्ही बाजूंनीं बोलाविलें. छत्तीस मुलांपैकीं सत्तावीस हललीं, तीं सर्व उथळ बाजूस गेलीं. खोल दिसणाऱ्या बाजूवर केवळ तिघांनीं पाऊल टाकलें. आई समोरून हांक मारीत असतां मूल रडलें, पण त्या कांचेवर आलें नाहीं. तेव्हां धारेवर ज्याचे पाय अडतात त्याला कोणी भित्रा म्हणूं नये. तो त्या छत्तीसांपैकीं बहुसंख्यांच्या पक्षाचा आहे, एवढेंच.

ह्याच्या मुळाशीं आणखी एक कारण आहे, आणि तें व्यवहारांत फार उपयोगीं पडतें. मनुष्य स्वस्थ उभा असतो तेव्हां तो खरोखर स्थिर नसतो. त्याचें शरीर सूक्ष्मपणें मागेंपुढें झुलत असतें. जवळची भिंत, झाड, खांब ह्यांच्याकडे पाहून डोळा ही झुलण सारखी तपासतो आणि शरीर सांवरतें. धारेवर डोळ्यांसमोर जवळचें कांहीं नसतें. जें दिसतें तें मैलभर लांबचें रान आणि खालची वस्ती. इतक्या लांबच्या वस्तूवरून आपण बोटभर कलंडलों हें डोळ्याला कळत नाहीं, म्हणून झुलण वाढते आणि मस्तक फिरल्यासारखें होतें. म्हणजे ‘खालीं पाहूं नको’ हा जो सर्वतोमुखी उपदेश आहे तो अर्धाच खरा. लांब पाहूं नको, जवळचें पाहा, असें म्हणावयास हवें.

ह्या संबंधांत डहाणूच्या महालक्ष्मीची प्रथा मला नेहमीं आठवते. चारोटीजवळ विवळवेढे येथें रस्त्याच्या कडेला देवीचें मंदिर आहे, आणि मागें तिचा डोंगर. त्याच्या माथ्यावर कातळाचा सुळका दूरवरून दिसतो. देवीचें मूळ ठाणें वर. वर चढणें न झेपणाऱ्या एका भक्तासाठीं ती खालीं आली, अशी कथा आहे. चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस येथें मोठी यात्रा भरते. पौर्णिमेच्या मध्यरात्रीं वाघाडी गांवचा पुजारी, जव्हारच्या मुकणे राजघराण्याच्या मानाचा ध्वज आणि पूजेचें साहित्य घेऊन, त्या डोंगरावर जातो आणि उजाडण्यापूर्वीं वर ध्वज लावून परत येतो. त्या वेळीं खालीं सहस्रावधि लोक जागत असतात. ज्या सुळक्यावर शहरांतले चढाऊ दोर आणि खिळे घेऊन जातात, तेथें हा गृहस्थ रात्रीं, अनवाणी पायांच्या पिढीजात ओळखीवर जातो.

भाविक म्हणतात, देवीच त्याला नेते. त्या श्रद्धेशीं वाद घालण्याचें मला कारण नाहीं, आणि तेथें उभें राहिल्यावर तसा विचारही मनांत येत नाहीं. परंतु डोळ्यांविषयीं आतां जें सांगितलें तें ध्यानांत घेतां रात्रीची ती वेळ मला अर्थपूर्ण वाटते. चांदण्यांत हाताजवळचा कातळ दिसतो आणि दरी दिसत नाहीं. दृष्टीला भय वाटावें असें कांहीं उरत नाहीं. उरतो तो केवळ पायांचा आणि कातळाचा संबंध, आणि तो ज्याला लहानपणापासून पाठ आहे त्याला रात्र अडवीत नाहीं. ज्याला तो पाठ नाहीं त्याला मात्र हीच रात्र प्राणघातक होईल. म्हणून ह्या पुजाऱ्याचें उदाहरण देऊन ‘तो जातो, मग मी कां नाहीं?’ असें विचारणाऱ्या तरुणाला मी एकच विचारतों कीं, बाबा, तूं ह्या डोंगराखालीं किती पावसाळे काढलेस?

आमच्या भागांत अशीच एक लहान धार आहे. तिचें नांव मी मुद्दाम सांगत नाहीं. सांगितलें तर येत्या रविवारीं तेथें मोटारींची रांग लागेल. हरिहरच्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशीं होणारी दाटी ज्यांनीं पाहिली असेल त्यांना ही माझी कंजुषी समजेल. धारेची लांबी शंभर पावलांहून अधिक नाहीं. प्रथम झुडपांचें रान, मग मुरमाचा घसारा, मग उघडा कातळ. कातळाचे चार टप्पे आहेत. तिसऱ्या टप्प्यावर धार हातभर रुंद राहते. उजवीकडे झाडीचा उतार, डावीकडे कांहींच नाहीं. खालच्या पाड्यावरचे एक वयस्क वारली गृहस्थ मला तेथें नेहमीं सोबत करतात. लहानपणीं त्यांनीं ह्याच डोंगरावर गुरें राखलीं. मी त्यांना काका म्हणतों, ते मला गुरुजी म्हणतात.

एका हिंवाळ्यांत माझी मुंबईची भाची आमच्याबरोबर आली. वय एकोणीस, कॉलेजांतली खेळाडू, अंगानें माझ्याहून दसपट चपळ. पहिले दोन टप्पे ती काकांच्याही पुढें होती. तिसऱ्या टप्प्यावर, नेमकी मध्यावर, ती बसली. प्रथम मला वाटलें ती देखावा पाहत आहे. मग तिचे हात दिसले. बोटांचीं पेरें पांढरीं पडलीं होतीं.

“मामा,” ती अगदीं हळू म्हणाली, “मला पुढें येतां येत नाहीं, आणि मागेंही जातां येत नाहीं.”

अशा वेळीं मागून धीर देण्यासाठीं जें बोलतात (‘घाबरूं नकोस, कांहीं होत नाहीं, एवढेंसें तर राहिलें’) त्याचा कांहीं उपयोग नसतो. भ्यालेल्या मनुष्याला आपण भ्यालों आहोंत हें ठाऊकच असतें. काका एक शब्दही न बोलतां वरून चार पावलें खालीं आले, तिच्या पुढ्यांत पाठमोरे उभे राहिले आणि म्हणाले, “पोरी, तिकडं लांब बघूं नको. ही माझी टाच बघ. टाचेला किती भेगा हायेत तें सांग.”

तिनें खरोखरच मोजल्या. सात भरल्या. मोजतां मोजतां तिचा श्वास लागीं आला. मनुष्याच्या डोळ्याला धारेवर जवळचें कांहीं तरी हवें असतें, हें काकांना कोणत्याही विद्यापीठानें सांगितलें नव्हतें.

मला वाटलें, आतां वर जाऊं. माथा दहा-बारा पावलांवर होता. पण काकांनीं मान हालविली. “वर जाईल ती,” ते म्हणाले. “पण गुरुजी, उतरतांना हीच जागा पुन्हा येणार, आणि तेव्हां माझी टाच तिच्या खालीं असणार. ती बघायची तर दरीच बघावी लागंल.” आणि त्यांनीं तिला वळविलें. तिचें एकेक पाऊल हातांनीं धरून खोबणींत बसवीत ते तिला तोंड कातळाकडे ठेवून मागें मागें घेऊन आले. वर येण्यास आम्हांला दहा मिनिटें लागलीं होतीं. परतण्यास पाऊण तास लागला. घसाऱ्याखालीं झाडींत बसल्यावर ती रडली. भयानें नव्हे, रागानें. संध्याकाळीं घरीं तिचे वडील, म्हणजे आमचे भावोजी, ऐकून म्हणाले, “अहो, दहा पावलांसाठीं परत आलांत?” मीं म्हटलें, “भावोजी, तीं दहा नव्हेत, वीस होतीं. दहा जातांना आणि दहा येतांना.”

चढणें उतरण्यापेक्षां सोपें कां असावें? चढतांना हात डोळ्यांसमोर असतात, पकड आधीं दिसते आणि पाय तिच्या मागोमाग जातो. उतरतांना पाय आधीं जातो आणि त्याला जागा शोधण्यासाठीं डोळ्यांना दरींत पाहावें लागतें. शिवाय मनुष्य थकलेला असतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे काम संपलें असें त्याला वाटत असतें. युरोपांतील मॅटरहॉर्न शिखर १४ जुलै १८६५ रोजीं एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे सहा सोबती प्रथम चढून गेले. उतरतांना एकाचा पाय निसटला. सातहि जण एका दोरानें बांधलेले होते. चौघे कड्यावरून गेले. दोर मध्येंच तुटला म्हणून वरचे तिघे वांचले, असें म्हणावें लागतें. दोराविषयीं आपल्याकडे एक भाबडा समज आहे कीं, दोर असला म्हणजे भय नाहीं. दोर कातळाला, झाडाला किंवा पक्क्या खिळ्याला बांधलेला असेल तर तो रक्षक. नुसता माणसांनाच एकमेकांशीं बांधलेला असेल, आणि तो सांभाळण्याची विद्या कोणालाच नसेल, तर एकाच्या चुकीची शिक्षा तो सर्वांना वांटून देतो.

इंग्लंडच्या सरोवर प्रांतांत हेल्व्हेलिन डोंगराला स्ट्रायडिंग एज नांवाची अशीच चिंचोळी धार आहे. उंची आपल्या सह्याद्रीच्या गडांहून अधिक नाहीं. १८०५ सालीं चार्ल्स गफ नांवाचा तरुण चित्रकार तिकडे गेला तो परतला नाहीं. तीन महिन्यांनीं त्याचे अवशेष धारेखालच्या तळ्याशीं सांपडले, आणि त्याची कुत्री अजून तेथेंच राखण करीत होती. वर्डस्वर्थ आणि स्कॉट ह्या दोघांनींही त्या प्रसंगावर कविता लिहिल्या. कवींचें लक्ष कुत्रीच्या निष्ठेकडे गेलें, तें योग्यच झालें. माझें लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे जातें: तो एकटा गेला होता, म्हणून त्याचा शोध लागण्यास तीन महिने लागले.

वडीलधाऱ्यांनीं मुलांना अशा वाटांवर जाऊं द्यावें कीं नाहीं, असें मला पुष्कळ जण विचारतात. मी ‘नको’ म्हणत नाहीं. हातापायांनीं कातळ चढण्यांत जो आनंद आहे तो दुसऱ्या कशांत नाहीं, आणि भयाची चव ज्यानें मुळींच घेतली नाहीं त्याला स्वतःची पुरती ओळखही होत नाहीं. पण घरांतून निघतांना दोन-चार प्रश्न अवश्य विचारावे. बरोबर कोण आहे, एवढें विचारून थांबूं नये. परत फिरण्याचा शब्द कोणाचा चालणार, हें विचारावें. ज्या टोळींत तो अधिकार कोणालाच नसतो तेथें शेवटचीं दहा पावलें कधींच सोडलीं जात नाहींत. ही वाट ह्यांच्यापैकीं कोणी उतरला आहे काय, हें विचारावें. पाऊस पडून किती दिवस झाले, हें विचारावें. श्रावणांत जो कातळ हिरवा आणि सुंदर दिसतो तो शेवाळानें बुळबुळीत झालेला असतो, आणि दिवाळीनंतरचें वाळलेलें गवत मुरमावर पडलें म्हणजे पाय तेलावर ठेवल्यासारखा जातो. गवताची पकड घेऊं नये. दगडाची पकड घेण्यापूर्वीं तो हालवून पाहावा, कारण आपला कातळ वरून अभंग दिसला तरी उन्हापावसानें फुटून त्याचे ठोकळे सुटे झालेले असतात. दोन हात आणि दोन पाय ह्यांपैकीं एका वेळीं एकच हलवावा, बाकीचे तीन टेकलेले असावे. वरच्याच्या पायाखालून दगड निसटला तर त्यानें ओरडून सांगावें, आणि खालच्यानें वर तोंड करून पाहूं नये.

मधमाशांचा उल्लेख शहरांतले लोक हंसण्यावारी नेतात. आग्या मोहोळ अशाच उघड्या कड्यांवर असतें. धूर, अत्तराचा वास, आरडाओरडा ह्यांनीं तें उठलें म्हणजे मोकळ्या मैदानावर मनुष्य पळूं तरी शकतो. हातभर धारेवर तो काय करणार? आणि मोबाईलविषयीं बोलल्यावांचून राहवत नाहीं. धारेच्या ऐन चिंचोळ्या जागीं उभें राहून, एक हात लांब करून, पाठीमागची दरी चित्रांत यावी म्हणून एक पाऊल मागें घेणारीं मुलें मीं पाहिलीं आहेत. चित्र घेणाऱ्याचे डोळे त्या वेळीं धारेवर नसतात, हाताचा आधार सुटलेला असतो, आणि पाय अशा दिशेनें जात असतो जी त्याला दिसत नाहीं. दृष्टिभय तेथें होतें तें त्याच्याच रक्षणासाठीं. त्या इवल्याशा आरशानें तें तेवढें काढून घेतलेलें असतें.

भाची पुढच्या मार्गशीर्षांत पुन्हा आली. दरम्यान तिनें मुंबईंत बोरिवलीच्या रानांतल्या लहान खडकांवर, खालीं माणूस उभा ठेवून, तोंड आंत करून उतरण्याचाच तेवढा सराव केला होता, चढण्याचा नाहीं. ह्या खेपेस काका तिच्या पुढें नव्हते, खालीं होते. पहांटे थंडींत आम्ही निघालों, कारण दुपारीं समुद्रावरचें वारें सुटलें म्हणजे ती धार हालते कीं काय असें वाटूं लागतें. तिसऱ्या टप्प्यावर ती थांबली, कातळाला कपाळ टेकून कांहीं वेळ उभी राहिली, आणि पुढें गेली. माथ्यावर आम्ही तीन मिनिटें होतों. काकांनीं खिशांतून विडी काढली आणि वारा पाहून पुन्हा ठेवून दिली. मग तिनें विचारलें, “काका, आतां तुमची टाच नाहीं, तर मी काय बघूं?”

“तुझीच बघ,” काका म्हणाले, “आणि घाई करूं नको. खालीं भाकरी गार होत नाहीं.”